तोरणमाळची वाट आणि काळूचे तळवे

मे महिना लागला की मला एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. ‘सर, तोरणमाळची पायवाट सध्या कशी आहे?’ मी काही गिर्यारोहक नाही. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळे गावचा माणूस, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा. पण तरुणपणापासून सातपुड्यात पायी भटकायची खोड आहे. दोन-चार कवितांमध्ये तोरणमाळ आलं, तेव्हापासून लोकांना वाटतं, तिथल्या दगडादगडाची माझ्याकडे नोंद असते. पूर्वी मी उत्साहानं सांगायचो, वाट चांगली आहे, नाल्याला पाणी आहे, खुशाल जा. २०२२ नंतर मात्र मी आधी उलट विचारतो, ‘बरोबर कोण कोण आहे?’ कुणी हौसेनं म्हणालं, ‘आम्ही चौघं आणि आमचा कुत्रा’, तर मी फोन लवकर ठेवत नाही. समोरचा कंटाळतो, तरी ठेवत नाही. आज आकाशवाणीनं मला थोडा वेळ दिला आहे, तेव्हा श्रोतेहो, तो फोन तुम्हा सगळ्यांना एकदमच करतो.

काळू आमच्या घरचा. ‘घरचा’ म्हटलेलं माझ्या अम्मीला चालत नाही. कुत्रा अंगणातला, घरचा नव्हे, हा तिचा नियम. ज्या घरात कुत्रा असतो तिथं फरिश्ते येत नाहीत, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. त्यामुळे उंबरठा ही काळूची सरहद्द. २०१७ च्या पावसाळ्यात सुरत-भुसावळ लोहमार्गाच्या बाजूनं हे ओंजळीएवढं पिल्लू कुंईकुंई करत आमच्या खळ्यात आलं. गंमत अशी, की त्याला पहिल्यांदा दूधभाकरी घातली ती अम्मीनंच. अर्थात उंबरठ्याबाहेर आणि वेगळ्या भांड्यात. शेताची राखण करणारा कुत्रा पाळायला हरकत नाही, असं मौलवीसाहेबांनी सांगितल्यावर ती निवळली. काळू राखण कशी करतो, हे मौलवीसाहेबांना कुणी सांगितलं नाही.

काळू नावाप्रमाणे काळाकुट्ट. अंगानं भरलेला, वीस-बावीस किलोचा. त्याचा काळा रंग पुढं महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

२०२२ साली ईद ३ मे रोजी झाली. महिनाभराचे रोजे संपलेले, अंग हलकं वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यात भाच्यानं पिकअप काढली आणि म्हणाला, ‘मामू, चला तोरणमाळ. काळूलाही घेऊ.’ पहाटे निघून पाचच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी असायचं, असं ठरलं होतं. निघायलाच उशीर झाला. दोंडाईच्यावरून सारंगखेड्याचा तापीवरचा पूल ओलांडला तेव्हा उजाडून गेलं होतं. सारंगखेडा हे घोड्यांच्या बाजारासाठी गाजलेलं गाव, दत्तजयंतीला तिथं मोठी यात्रा भरते. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. त्या दत्ताच्या गावातून आपला कुत्रा मागच्या हौद्यात कान उडवत चालला आहे, याचा मला उगीचच आनंद झाला. शहाद्याला टायर बसलं. पंक्चर काढेपर्यंत पोहे झाले, चहा झाला, दुसरा चहा झाला. म्हसावद, राणीपूर करत पायथ्याच्या पाड्यावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. नंदुरबार जिल्ह्यात मेमधला सकाळी नऊचा वाजलेला काटा म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. वर यशवंत तलाव आहे, सीताखाई आहे, गोरखनाथाचं मंदिर आहे. डांबरी रस्ता सातपायरीच्या घाटानं वर जातो. आम्हाला तो नको होता. पाड्यामागून चढणारी एक जुनी पायवाट मला ठाऊक होती. हिवाळ्यात तीन-चारदा मी तिनं गेलो होतो. पाड्यावर एक म्हातारे पावरा गृहस्थ खाटेवर बसले होते. रिवाज म्हणून त्यांना विचारलं, ‘बाबा, वर जायला वाट केवढी आहे?’ ते क्षणभर आमच्याकडे, मग काळूकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘तीन आंबे आणि एक उंबर.’

काय सुंदर बोलले! किलोमीटर नाही, तास नाही. तीन आंबे आणि एक उंबर. मी खिशातून वही काढली आणि कवितेची ओळ म्हणून ते टिपून घेतलं. म्हातारबाबा आणखी काही सांगण्याच्या बेतात होते असं आता वाटतं. पण मी ओळ मिळाल्याच्या आनंदात होतो.

आता वाटेविषयी. हिवाळ्यात ही वाट मऊ असते. पावसानंतर माती बसलेली असते, सागाला पानं असतात, नाल्यात गुडघाभर नाही तरी घोटाभर पाणी असतं. माझ्या डोक्यात तीच वाट होती. मे महिन्यात नाव तेच, वळणं तीच, पण वाट दुसरी. सागानं पानं टाकलेली असतात. ती पायवाटेवर थरावर थर पडून वाळतात, पापडासारखी कडक होतात. चढावर पाऊल टाकलं की चर्र आवाज होऊन पाय मागं सरकतो, आणि खाली दगड आहे की खड्डा, हे पाय पडल्यावरच कळतं. त्या पाचोळ्याखाली मुरूम सुटा झालेला. डोंगर चढणारे लोक त्याला घसारा म्हणतात. मधेमधे जमीन जळून काळी पडलेली. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, ती आग कधीकधी रानभर पसरते. मागं राहतात जळक्या झुडपांची टोकदार खुंटं. आपल्या बुटाला ती कळतही नाहीत.

कुसळांचं तर वेगळंच. हे गवत पावसाळ्यात किती गोजिरं दिसतं! वाळलं की त्याच्या बियांना भाल्यासारखं टोक येतं आणि टोकामागं उलट्या दिशेचे बारीक केस. म्हणजे आत शिरतं ते पुढंच जातं, मागं येत नाही. माणसाच्या पायजम्याला चिकटतं, आपण घरी येऊन उपटत बसतो. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरलं तर मांसात वाट काढत जातं, पू होतो. डॉक्टरांनी पुढं काळूच्या पायातून अशी दोन कुसळं काढून मला दाखवली.

आणि सावली. मेच्या मध्यावर आपल्या भागात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर भर दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या बुंध्यातच विरते. त्यात साग निष्पर्ण, सालई निष्पर्ण. रान म्हणून लांबून जे दिसतं ते नुसत्या काड्यांचं. त्या दिवसांत दाट पानांची सावली देतात ती मोजकीच झाडं. आंबा, करंज, नवी पालवी फुटलेला मोह आणि पाण्याच्या आसऱ्यानं उभा असलेला उंबर. श्रोतेहो, तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं. म्हातारबाबांनी मला कविता सांगितलीच नव्हती. वाटेचा चोख हिशोब दिला होता. तीन ठिकाणी बसायला सावली आहे, एका ठिकाणी पाणी आहे, बाकी काही नाही.

पहिला अर्धा तास काळू पुढं पळत होता. मग बरोबरीनं चालू लागला, मग मागं पडला. त्याचं चालणं हळूहळू चमत्कारिक झालं. सागाच्या बुंध्याची हातभर सावली गाठून उभा राही. आम्ही पुढं गेलो की धावत पुढच्या बुंध्यापर्यंत. उघड्यावर थांबावं लागलं तर एक पाय उचलून धरी, मग तो टेकून दुसरा. मी भाच्याला म्हणालो, ‘बघ, आपला काळू कथक करतोय.’ हे वाक्य मला अजून खातं.

एवढ्यावर थांबलो नाही. बी.ए.ला असताना वाचलेलं महाप्रस्थानिक पर्व मला त्या चढावर आठवलं. पांडव हिमालयाकडे निघतात, एक कुत्रा त्यांच्यामागं निघतो, एकेक जण वाटेत पडतो आणि शेवटी धर्मराज आणि कुत्रा एवढेच उरतात. इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड आणि रथात बस. धर्मराज नकार देतो. मी भाच्याला हे रंगवून सांगत होतो. डोंगर, कुत्रा आणि त्याला न सोडणारा माणूस! सांगता सांगता माझ्या हातातली दोरी ताणली जात होती आणि मी ती ओढत होतो. धर्मराजाची गोष्ट सांगत कुत्र्याला ओढणारा माणूस. भाचा बिचारा वडीलधाऱ्याचं बोलणं म्हणून ऐकत होता.

आमच्याकडे पाण्याच्या चार बाटल्या होत्या, दोघांना दोन-दोन. काळूसाठी वेगळं पाणी नव्हतं, कारण नाल्याला पाणी असतं, असं मी मघाशीच सांगितलं ना! नाला आला. पांढरी वाळू आणि गोटे. बाटलीनं त्याच्या तोंडात पाणी ओतून पाहिलं. कुत्र्याला असं पिता येत नाही. तो जिभेनं लपलप करून पाणी उचलतो, त्याला पसरट भांडं लागतं. माझ्या ओंजळीतून निम्मं सांडलं.

नाल्यापलीकडं काळ्या कातळाची एक मोठी पट्टी आहे, तीस-चाळीस पावलांची. हिवाळ्यात मी त्या कातळावर पालथा पडून ऊन खाल्लं होतं. त्या पट्टीच्या मध्यावर काळू बसला. दोरी ओढली, तो उठला नाही, आडवा झाला. जीभ बाहेर, रुंद आणि गडद लाल. तोंडातून चिकट लाळेच्या तारा. धाप अशी, की बरगड्या मोजाव्यात. मी हाक मारली तर डोळे माझ्याकडं वळले नाहीत.

साडेदहा वाजले असतील. मला त्या वेळी कोणतंही पर्व आठवलं नाही. अम्मीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात आलं.

वरच्या अंगाला आंब्याखाली एक पावरा बाई शेळ्या घेऊन बसली होती, बरोबर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. ती काहीतरी ओरडली. मुलगा आश्रमशाळेत शिकणारा, त्यानं धावत येऊन मराठीत सांगितलं, ‘आई म्हणते, आधी त्याला दगडावरून उचला.’ एवढी साधी गोष्ट! मी तापलेल्या तव्यावर पडलेल्या जिवाशेजारी उभा राहून त्याचं नाव घेत होतो. आम्ही दोघांनी काळूला उचललं. पोटाला हात लावला तर चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखं. मावशीनं आंब्याखालची एक शेळी हाकलून जागा करून दिली.

मुलगा आमचा डबा घेऊन नाल्यात उतरला. वळणावर एक उंबर होता. तोच तो म्हातारबाबांचा उंबर. त्याच्या मुळांजवळ वाळूत त्यानं कोपरभर खड्डा उकरला. याला झिरा म्हणतात. वरून कोरडाठाक दिसणाऱ्या नाल्याच्या पोटात पाणी असतं. पण ते आपल्या घाईनं येत नाही. आधी वाळू ओली झाली, मग तळाशी रुपयाएवढं गढूळ पाणी चमकलं. डबा भरायला पाच मिनिटं लागत होती. मुलगा भरायचा, भाचा धावत आणायचा, मी ओतायचो. मी आपलं डोक्यावर ओतत होतो. मावशीनं माझा हात धरून पोटाकडं नेला, जांघेत, काखेत, पंजांवर. ती पळसाच्या पानांची फांदी घेऊन वारा घालत होती. माझं उपरणं भिजवून मी त्याच्या पाठीवर झाकलं तर तिनं ते काढून फेकलं. मला वाटलं, रागावली. डॉक्टरांनी पुढं सांगितलं, तिचं बरोबर होतं. ओलं फडकं तसंच पांघरून ठेवलं की थोड्या वेळात तेच गरम होतं आणि आतली उष्णता कोंडते. पाणी ओतत राहायचं आणि वारा घालत राहायचा.

तासाभरानं काळूनं मान उचलली. डब्याच्या झाकणातून थोडं पाणी प्यायला, उलटी केली, पुन्हा प्यायला. उभा राहिला आणि लगेच बसला. तेव्हा आम्ही त्याचे पाय पाहिले. चारही तळव्यांची कातडी सुटली होती, मागच्या दोन पायांना तर पापुद्रा लोंबत होता. माझ्या पायात बूट होते. त्याच वाटेनं मीही चाललो होतो.

ऊन उतरेपर्यंत तिथंच बसलो. मग चादरीची झोळी केली, काठी घातली आणि भाच्यानं आणि मी त्याला खाली आणलं. मावशी आणि मुलगा पाड्यापर्यंत आले. बावीस किलो कागदावर काहीच वाटत नाहीत. उतारावर, सागाच्या पानांवरून, खांद्यावर काठी घेऊन उतरणाऱ्या छप्पन्न वर्षांच्या माणसाला विचारा. वाटेत ते मुलाला विचारलं, की आम्हाला थांबवलं का नाही? तो म्हणाला, ‘तुम्ही वहीत लिहून घेतलं होतं ना.’

रात्री अंधारात गाडी घालायची नाही म्हणून पाड्यावरच मुक्काम केला. काळूशेजारी खाटेवर पडलो होतो. माझी दादी एक गोष्ट सांगायची. वाळवंटात एक माणूस तहानेनं व्याकूळ होऊन विहिरीत उतरतो, पाणी पिऊन वर येतो, तर एक कुत्रा तहानेनं ओली माती चाटताना दिसतो. मला झाली तशीच तहान याला झाली आहे, असं म्हणून तो पुन्हा उतरतो, आपल्या चामड्याच्या मोज्यात पाणी भरतो, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. त्या एका कामासाठी अल्लाहनं त्याचे गुन्हे माफ केले. ही हदीसमधली कथा आहे. मी लहानपणी तिचा अर्थ दया एवढाच घेतला होता. त्या रात्री वेगळीच गोष्ट जाणवली. त्या माणसानं कुत्र्याच्या तहानेचं माप स्वतःच्या तहानेवरून घेतलं. मला दिवसभर तहान लागली नव्हती. माझ्याकडे दोन बाटल्या होत्या.

सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सलाइन लावलं, पाय धुतले, कुसळं काढली आणि मग माझी शिकवणी घेतली. तिचा गोषवारा सांगतो. बी.ए.ला हे नव्हतं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोड्या घामग्रंथी असतात त्या पंजांच्या तळव्याला. अंग निववायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. जिभेवरचं आणि श्वासातलं पाणी उडून जातं आणि गारवा येतो. म्हणजे त्यासाठी आधी पोटात पाणी हवं. कोरड्या कुत्र्याची धाप म्हणजे पाणी संपलेला कूलर. नुसता पंखा फिरतो. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, आपल्याला ताप वाटेल एवढं. ते १०६ च्या आसपास गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, यकृत, सगळ्यांना धोका. काळ्या रंगाचं अंग उन्हात अधिक तापतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापच नीट टाकता येत नाही. त्यांना उन्हाळ्यात डोंगरावर नेणं म्हणजे हत्या. दाट केसांच्या हस्की, जर्मन शेफर्डचंही अवघडच. आणि उष्माघात झालाच, तर आधी जागेवर पाण्यानं गार करायचं, मग दवाखाना गाठायचा. उलट केलं तर वाटेतच संपतो. मावशीनं हे न शिकता केलं होतं.

तळवे कितीही जाड दिसले तरी ते चामड्याचे जोडे नव्हेत. आमचा काळू शेतात वाढलेला, काळ्या मातीत आणि कपाशीच्या ओळींत फिरणारा. त्याला आमच्याकडच्या मिरचीच्या पथारीवरून चालल्यावर पाय झोंबतात हे ठाऊक होतं, तापलेला कातळ ठाऊक नव्हता. डॉक्टरांनी एक साधी परीक्षा सांगितली. हाताची पालथी बाजू दगडावर टेकवायची आणि सावकाश दहा अंक मोजायचे. दहापर्यंत हात ठेवता आला नाही, तर ती जमीन कुत्र्याची नव्हे. संध्याकाळी हवा गार झाली तरी ही परीक्षा करायचीच, कारण काळा कातळ दिवसभर प्यालेलं ऊन रात्री उशिरापर्यंत परत करत असतो. तो सगळ्यात थंड असतो पहाटे.

घरी आलो तर अम्मी दारात. तिनं पट्ट्या बांधलेले चार पाय पाहिले आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. ईदची उरलेली मेंदी तिनं वाटीत भिजवली, उंबरठ्याच्या आत बसून वाटी बाहेर सरकवली आणि म्हणाली, ‘उसके पैरों को लगा. ठंडक मिलेगी.’ मी फोन करून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, नको, चाटेल आणि जखम चिघळेल. भिजवलेली मेंदी वाया कशी घालवायची? ती तिनं माझ्या तळव्यांना लावायला लावली. पंधरा दिवस लाल तळव्यांनी गावात फिरत होतो. लोक विचारत, आणि सांगावं लागे.

भाच्यानं शहरातून काळूसाठी कुत्र्याचे बूट मागवले, रबराचे, चार. ते घालून काळू असा चालला, की जणू चिखलात अडकलेला बगळा. एक बूट त्यानं त्याच दिवशी खाल्ला. ज्यांना पिल्लूपणापासून सवय लावता येईल त्यांनी लावावी.

२०२३ च्या मे महिन्यात पुन्हा गेलो. आधी त्या मुलाला फोन केला. मला वाटत होतं, पहाटे तीनला चढायला सुरुवात करावी, दगड सगळ्यात गार. तो म्हणाला, ‘बाबा, अंधारात कुत्रा घेऊन येऊ नका. बिबट्या आहे.’ सातपुड्यात आणि शहादा-तळोद्याच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याला कुत्रा म्हणजे आवडीचा घास. उन्हाला भ्यावं तर बिबट्या आणि बिबट्याला भ्यावं तर ऊन. म्हणजे हाती उरतो उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंतचा वेळ, आणि त्यातच उतरणंही धरायचं. दोरी सोडायची नाही, हेही त्यानं बजावलं. मोकळा कुत्रा ससे-भेकरांच्या मागं लागतो, आणि त्याचे रोग रानात जातात. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणू सापडला होता. आमच्या काळूला आता त्याची आणि रेबीजची लस दरवर्षी टोचतो. अभयारण्यांत कुत्रा नेऊ देत नाहीत, तेही अशाच कारणांनी. तिथं उगीच हुज्जत घालू नये.

उजाडता उजाडता निघालो. सहा लिटर पाणी, त्यातलं निम्मं काळूचं, एक जर्मनची थाळी, कुसळं काढायला चिमटा. पहिला आंबा आला, थांबलो. पाणी दिलं, पाय पाहिले. उंबर आला, झिरा उकरला. कातळाच्या पट्टीवर मी हात पालथा टेकवला, दहा मोजले. हात राहिला. ओलांडली. दुसऱ्या आंब्याशी पोहोचलो तेव्हा आठला पाच-दहा मिनिटं होती. पुढच्या दगडावर हात ठेवला. सातलाच उचलावा लागला. काळू आपणहून आंब्याखाली जाऊन पसरला होता. मीही बसलो. भाचा वरच्या कड्याकडं बघत म्हणाला, ‘मामू, एकच आंबा राहिलाय.’ मी म्हणालो, ‘राहू दे.’

तेवढ्यात खालून चार मुलं चढत आली. पाठीवर रंगीत सॅक, एकाच्या हातात साखळी आणि साखळीला धष्टपुष्ट लॅब्राडोर. त्याची जीभ मला लांबूनच दिसली. मी म्हटलं, ‘बसा जरा, पाणी पाजा त्याला.’ साखळीवाला हसून म्हणाला, ‘अंकल, स्ट्राँग ब्रीड आहे, काही होत नाही.’ मी वाद घातला नाही. फक्त म्हणालो, ‘एक काम कर. त्या दगडावर हाताची पालथी बाजू ठेव आणि दहापर्यंत मोज.’ त्यानं मित्रांकडं पाहिलं, डोळा मिचकावला आणि वाकला. मोठ्यानं मोजायला लागला. चारला आवाज बारीक झाला. पाचला हात उचलला. मग त्यानं आपल्या कुत्र्याच्या पायांकडं पाहिलं. कुत्रा एक पाय उचलून उभा होता, मग तो टेकून दुसरा.

काळूनं आधी गुरगुर केली, मग थाळीवरून मान बाजूला घेतली. त्या मुलांनी विचारलं, ‘अंकल, वर किती राहिलं?’ मी सांगितलं, ‘एक आंबा.’ त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. शेळ्यांमागून आलेला पाड्यावरचा तो मुलगा, आता वीतभर उंच झालेला, आम्हा सगळ्यांकडं बघत उभा होता. म्हणाला, ‘बाबा, जरा सरका. शेळ्यांना जागा नाही राहिली.’